वरातीला अडकणारी डीव्हीडी

मामेबहिणीच्या लग्नाची १९९६ ची व्हीएचएस कॅसेट डीव्हीडीवर घ्यायचं काम २००८ मध्ये माझ्याकडे आलं. कारण साधं होतं, आमच्या गोतावळ्यात कॅसेटचं चित्र संगणकात उतरवणारं टीव्ही कॅप्चर कार्ड लावलेला संगणक माझ्याकडेच होता. तीन तासांच्या कॅसेटमधल्या पंगती, आहेर आणि कॅमेरावाल्याने हौसेने टिपलेलं मांडवाचं तोरण कापून ती तासाभरावर आणली. दर्जात कसर नको म्हणून बिटरेट, म्हणजे दर सेकंदाच्या चित्राला दिलेली माहिती, चढा ठेवला, डिस्क काठोकाठ भरली, प्रती काढल्या आणि नातेवाइकांना कुरियरने पाठवल्या.

आठवड्याभरात फोन सुरू झाले. नाशिकचे मामा म्हणाले, "अरे, मंगलाष्टकांपर्यंत झकास. अक्षता पडायला लागल्या की चित्र गोठतं." सांगलीच्या आत्याकडे मंगलाष्टकं नीट, पण वरातीला चित्राचे चौकोन चौकोन होत होते. डोंबिवलीच्या काकांचा प्लेअर तर ‘नो डिस्क’ म्हणून मोकळा. तो त्यांनी बऱ्याच वर्षांपूर्वी चांगली किंमत मोजून घेतलेला जपानी प्लेअर, त्यामुळे दोष त्याचा असणं त्यांना मान्यच नव्हतं.

माझ्या संगणकावर मात्र सगळ्या प्रती लोण्यासारख्या चालत. त्या चालण्याला फारसा अर्थ नाही हे हळूहळू कळलं. संगणकाच्या ड्राइव्हला एखादा भाग वाचता आला नाही तर तो वेग कमी करतो, तोच भाग पुन्हा पुन्हा वाचतो, आणि तोवर स्मृतीत साठवलेलं चित्र आपल्याला दिसत राहतं. घरच्या प्लेअरकडे साठवण तुटपुंजी, त्यामुळे एवढ्या उसंतीची सोय नाही.

मग सगळ्यांना एकच विनंती केली: अडकेल तेव्हा काउंटरवरची वेळ लिहून ठेवा, आणि जमलं तर शेजाऱ्यांच्या प्लेअरवरही लावून बघा. या एका गोष्टीने गुंता सुटायला लागला. मामांकडे चित्र दर वेळी त्याच मिनिटाला, त्याच जागी गोठत होतं. शेजाऱ्यांकडेही तिथेच, आणि मी पाठवलेल्या दुसऱ्या प्रतीतही तिथेच. आत्याकडे मात्र कधी अठ्ठावन्नाव्या मिनिटाला, कधी साठाव्या, तर एखाद्या दिवशी काहीच नाही. दोन प्रती, दोन प्लेअर बदलूनही जागा तीच राहत असेल तर डिस्कला दोष देण्यात अर्थ नाही. बिघाड आतल्या चित्रात असतो. जागा सरकत असेल आणि तीही शेवटाकडेच असेल, तर डिस्ककडे बघायचं. ‘डीव्हीडी चालत नाही’ या एका तक्रारीत तीन वेगळी दुखणी होती.

मामांचं दुखणं अक्षतांमुळेच होतं. डीव्हीडीतलं एमपीईजी-२ चित्र मुख्यतः एका फ्रेममधून दुसरीत काय बदललं तेवढंच साठवतं. भटजी शांत बसलेले असतात तोवर बदल थोडा. पण दोनशे माणसं एकदम अक्षता उधळतात, जरीच्या साड्या चमकतात, फ्लॅश उडतात आणि त्यात व्हीएचएसची मुरलेली खरखर, म्हणजे पडद्यावरचा जवळजवळ प्रत्येक ठिपका बदलतो. बिटरेट तिथे उसळी मारतो. डीव्हीडी-व्हिडिओच्या नियमानुसार चित्र आणि आवाज मिळून सेकंदाला १०.०८ मेगाबिटच्या वर जाता येत नाही. मी आवाज न दाबता, पीसीएम या मूळ स्वरूपात ठेवला होता, तोच १.५ मेगाबिट खात होता. चित्राची कमाल मर्यादा ९ च्या पुढे. बेरीज कुणीही करावी. डीव्हीडीची मांडणी करणाऱ्या माझ्या ऑथरिंग सॉफ्टवेअरने मात्र चकार शब्द काढला नाही, निमूटपणे डिस्क बनवून दिली.

आवाज एसी-३ या दाबलेल्या स्वरूपात २२४ किलोबिटवर आणला, चित्राची सरासरी ५ आणि कमाल साडेसात मेगाबिट ठेवली. व्हीएचएसमध्ये आडवा तपशील मुळात जेमतेम २४० रेषांचा. त्याला नऊ मेगाबिट दिले तरी खरखरच अधिक निष्ठेने जपली जाते. लांब कॅसेटसाठी तर ७२० बाय ५७६ ठिपक्यांऐवजी ३५२ बाय ५७६ हा आकारही डीव्हीडीला चालतो. आत्याला दोन्ही दाखवले, तिला फरक ओळखता आला नाही. मला आला, पण टीव्हीला नाक लावल्यावर.

आत्याच्या डिस्कसाठी मित्राचा लाईट-ऑन कंपनीचा ड्राइव्ह आणला, कारण त्यावर चुकांची मोजणी करता येत असे. नीरोच्या सीडी-डीव्हीडी स्पीड या प्रोग्राममध्ये ‘डिस्क क्वालिटी’ अशी एक चाचणी होती. वाचताना सापडलेल्या आणि दुरुस्त करता आलेल्या चुकांचा ती आलेख काढते. लागोपाठच्या आठ ब्लॉकमध्ये, म्हणजे एकत्र दुरुस्त होणाऱ्या माहितीच्या आठ तुकड्यांत, अशा चुका २८० च्या आत असाव्यात असं मानक आहे. आत्याच्या डिस्कचा आलेख बराच वेळ जमिनीला चिकटून होता आणि पावणेचार जीबीनंतर सरळ वर गेला.

डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते. म्हणून वरात डिस्कच्या बाहेरच्या कडेला येते, आणि नेमकी तीच जागा सगळ्यात कच्ची. स्वस्त डिस्कमध्ये, ज्यावर लेझरने लिहिलं जातं तो रंगद्रव्याचा थर कडेला सारखा बसलेला नसतो. शिवाय ‘१६ एक्स’, म्हणजे मूळ वेगाच्या सोळा पट, हा वेग ड्राइव्ह सुरुवातीपासून देत नाही, तो कडेला पोहोचल्यावरच गाठला जातो. म्हणजे सगळ्यात कच्च्या जागी सगळ्यात घाईने लिहायचं. माझ्या डिस्क पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेल्या, पन्नास डिस्कच्या टॉवरमधल्या. त्यांच्या डब्यावर नाव एका कंपनीचं होतं, आणि इमगबर्न या डिस्क लिहायच्या प्रोग्रामने वाचलेला आतला उत्पादक-कोड निघाला भलत्याच कारखान्याचा. तेव्हापासून डब्यावरच्या नावाकडे बघत नाही, कोड बघतो.

पुढची खेप अझो रंगद्रव्याच्या व्हर्बॅटिम डिस्कवर काढली, ८ एक्सने. त्याहून हळू लिहिलं की आणखी चांगलं, असं तेव्हा सगळे छातीठोकपणे सांगत. पण १६ एक्ससाठी बनवलेलं रंगद्रव्य फार मंद वेगाला उलट बिघडलेलं मी आलेखात पाहिलंय. पूर्ण डिस्कला ८ एक्सने आठेक मिनिटं लागतात. तेवढा धीर पुरतो.

गंमत म्हणजे, मामांसाठी केलेल्या उपायाने आत्याचं दुखणंही बरं झालं असतं. बिटरेट उतरल्यावर तेच लग्न अडीच जीबीत मावलं, आणि वरात कडेपासून चांगली लांब, सुरक्षित जागी संपली. मला विचाराल तर हा सगळ्यात स्वस्त उपाय, आणि डिस्क काठोकाठ भरायचा सोस असणाऱ्यांना तो पटवणं सगळ्यात अवघड.

डोंबिवलीचा मामला फार वेळ चालला नाही. माझ्या डिस्क डीव्हीडी प्लस आर, म्हणजे एकदाच लिहिता येणाऱ्या डिस्कच्या एका जातीच्या होत्या. प्रत्येक डिस्क आपण कोणत्या जातीची ते प्लेअरला सांगते, आणि प्लस आर बाजारात आली २००२ मध्ये. त्याआधीच्या प्लेअरला ही जात माहीतच नाही. प्लस आर डिस्क लिहिताना ‘बुक टाइप’ बदलून ती छापील डीव्हीडी-रॉम असल्याचं भासवता येतं, ड्राइव्हने मुभा दिली तर. माझ्या ड्राइव्हने दिली. काकांच्या जपानी प्लेअरने ते सोंग खरं मानलं. त्याच काळात दोनेकशे रुपये जास्तीचे नको म्हणून घेतलेले बिननावाचे चिनी प्लेअर मात्र काहीही घातलं तरी वाजवत, अगदी पुन्हा लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यूसुद्धा. त्या डिस्क साध्या डिस्कच्या निम्म्याहून कमी प्रकाश परत पाठवतात, जुन्या प्लेअरला त्या दिसतच नाहीत.

वधूवरांच्या फोटोचा गोल कागदी स्टिकर लावायची फर्माईश होती, ती मी मोडीत काढली. कागद जरा तिरका बसला की डिस्कचा तोल जातो, आणि प्लेअरमधल्या उबेने डिंक आखडून ती किंचित वाकते. त्यातही कडेला सगळ्यात जास्त. आधी लावलेले स्टिकर सोलायला जाऊ नका. पाण्याच्या शाईचं मार्कर घेऊन मधल्या पारदर्शक भागावर नाव लिहिलं की झालं.

२०२१ मध्ये याच डिस्क हार्ड डिस्कवर घ्यायला बसलो. व्हर्बॅटिमच्या सगळ्या उतरल्या. तपकीर गल्लीच्या टॉवरमधली एकही पूर्ण उतरली नाही, आणि दुसऱ्या एका कॅसेटवरच्या बारशाची एकमेव प्रत त्यातल्याच एका डिस्कवर होती. डीडीरेस्क्यू हा प्रोग्राम लावला. तो वाचता आलेले आणि न आलेले भाग एका नकाशा-फाइलीत नोंदवतो, त्यामुळे तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून फक्त राहिलेले भाग मागता येतात. एका ड्राइव्हला न दिसलेलं दुसऱ्याला दिसतं, विशेषतः जुन्या, जड डेस्कटॉप ड्राइव्हला. काही तुकडे कुणालाच वाचता आले नाहीत. पण दुरुस्तीचा एक ब्लॉक ३२ किलोबाइटचा, म्हणजे चित्राचा सेकंदाचा लहानसा अंश. पुढची पूर्ण फ्रेम येईपर्यंत फार तर अर्धा-पाऊण सेकंद चौकोन दिसतात.

आता नातेवाइकांना पेन ड्राइव्ह देतो. मामांचा टीव्ही त्यावरच्या व्हीओबी, म्हणजे डीव्हीडीवरून जशाच्या तशा घेतलेल्या, फाइली दाखवत नव्हता. पुन्हा रूपांतर करावं लागलं नाही, फाइलीच्या शेवटी व्हीओबीऐवजी एमपीजी लिहिलं आणि लागलीच सुरू झालं. आतला माल तोच, एमपीईजी-२. एका टीव्हीला तेही चाललं नाही, तेव्हा मात्र एमपी-४ करून दिली.