पंखा फिरतोय पण स्क्रीन काळी

"कॉम्प्युटर चालूच होईना" असा फोन आला की मी आधी एवढंच विचारते, कुठपर्यंत येतोय? बटण दाबल्यावर काहीच हालचाल नाही, का आत पंखा फिरतोय पण स्क्रीन काळी, का लोगो दिसून पुढं टिपक्यांचं चक्र नुसतंच फिरत बसतंय? या तीन पूर्ण वेगळ्या भानगडी आहेत. पहिल्या दोन्हीत तर विंडोजची पाळीच आलेली नसते. पहिल्यात बहुतेकदा करंटच पोचत नसतो, आणि दुसऱ्यात मशीन अजून स्वतःचीच तपासणी करत असतं, रॅम (मेमरीची पट्टी) आहे का, डिस्प्ले कुठं द्यायचा, आणि तिथंच अडकलेलं असतं. मग विंडोज परत टाकून काय होणार? तरी 'फॉरमॅट मारावा लागेल' (म्हणजे डिस्क पुसून टाकायची) असं सांगितलं जातं आणि लोक हो म्हणून टाकतात, याचा मला खरंच राग येतो, कारण त्या डिस्कवर पोरांच्या बारशापासूनचे फोटो असतात, दुकानाचे हिशोब असतात.

आमच्या काकांचं सांगलीत मार्केट यार्डात हळदीचं अडत दुकान आहे आणि घर जुन्या सांगलीतल्या गावभागात. घरचा कॉम्प्युटर जुना, पण टॅलीपुरता (हिशोबाचा प्रोग्रॅम) चांगला चालत होता. पावसाची झड लागली आणि एका सकाळी लाइट लागतीय, पंखा फिरतोय, स्क्रीन काळी. बाहेर दाखवला तर मदरबोर्ड (आतला मुख्य बोर्ड) गेलाय, नवीनच घ्या म्हणाले. काकांना पैशाची नाही, हिशोबाची काळजी. "आगं, शेतकऱ्यांच्या सगळ्या पट्ट्या त्यात हायत, तेवढ्या निघतील का बघ." पट्ट्या म्हणजे शेतकऱ्यांच्या मालाच्या विक्रीचे हिशोब.

मी वायर काढली, बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरलं म्हणजे आत राहिलेला करंट उतरतो, मग कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून (अंगातली स्टॅटिक जावी म्हणून) बाजूचं झाकण काढलं. दोन्ही रॅम काढून खिडकीपाशी उजेडात धरल्या तर खालचे सोनेरी दात काळपट पडलेले. आपल्याकडं पावसाळ्यात दमट हवेनं हे होतंच, वर धूळ बसते आणि कॉन्टॅक्ट नीट लागत नाही. पुतण्याच्या कंपासमधलं मऊ पांढरं खोडरबर घेतलं आणि दोन्ही बाजूंनी हलक्या हातानं घासलं, कॅबिनेटपासून लांब, नाहीतर रबराचा चुरा स्लॉटात जातो. स्लॉट कोरड्या ब्रशनं झाडला. आधी एकच रॅम बसवली, दोन्हीकडच्या क्लिपा टक् करून लागेपर्यंत दाबून, आणि चालू केलं. एक छोटी बीप आली आणि स्क्रीनवर अक्षरं. काकू देवघरातनं पळत आल्या, "लागला काय गं?"

लागला, पण अर्धाच. तारीख १ जानेवारी २०१०, खाली सीमॉसची (मशीनची सेटिंग साठवणाऱ्या चिपची) एरर, आणि पुढं गेल्यावर निळी स्क्रीन येऊन परत रिस्टार्ट, परत निळी स्क्रीन. इथं कुणीही म्हणेल विंडोज खराब झालंय. पण तारीख मागं गेली म्हणजे मदरबोर्डवरचा बटण-सेल संपलाय, तो सीआर २०३२, ३ व्होल्टचा, घड्याळवाल्याकडंसुद्धा मिळतो. जुन्या बोर्डात सेल संपला की नुसती तारीख जात नाही, बायोसची (विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅमची) सगळी सेटिंग कंपनीच्या मूळ जागी जातात. काकांच्या मशीनमध्ये हार्ड डिस्कचा मोड एएचसीआयचा परत आयडीई झालेला (डिस्कशी बोलायच्या या दोन वेगळ्या पद्धती). विंडोज टाकलेलं एएचसीआयवर, त्याला आता स्वतःची डिस्कच सापडेना, म्हणून निळी स्क्रीन. सेल बदलला, तारीख दुरुस्त केली, मोड परत एएचसीआय केला, सेव्ह, आणि टॅली उघडली. पट्ट्या जिथल्या तिथं. (तारीख चुकीची राहिली तर इंटरनेटवर बँकेची साइटसुद्धा 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणते, कारण सर्टिफिकेटच्या तारखा जुळत नाहीत.)

नवीन लॅपटॉपवर मात्र बायोसला हात लावायच्या आधी बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का बघा. असेल तर बायोस बदलल्यावर तो ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतो, आणि ती नसेल तर डिस्क चांगली असूनही काही वाचता येत नाही. ती बऱ्याचदा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह असते, आधी काढून वहीत लिहून ठेवा.

बटण दाबून काहीच होत नसेल तर आधी त्याच सॉकेटला मोबाईलचा चार्जर लावून बघा, मग एसएमपीएसच्या (आत करंट पुरवणाऱ्या डब्याच्या) मागचा छोटा स्विच, मग वायर बदलून. एवढं करून नाही लागलं तर बहुतेक वेळा एसएमपीएसच असतो, दुसरा जोडून बघायचा. तो डबा मात्र घरी अजिबात उघडू नका, वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जोरदार करंट राहतो.

आणि लोगोच्या पुढं अडकत असेल तर आधी पेन ड्राइव्ह, प्रिंटर सगळं काढा. विंडोज १० किंवा ११ सुरू होता होता दोन-तीनदा बटण दाबून धरून बंद पाडलं की रिपेअरचा मेनू येतो, तिथनं सेफ मोड, म्हणजे अगदी गरजेपुरतंच चालणारं विंडोज. तेही जमलं नाही तर लिनक्सच्या (विंडोजसारखीच दुसरी सिस्टीम) पेन ड्राइव्हनं मशीन सुरू करून आधी डेटा दुसरीकडं कॉपी, मग काय फॉरमॅट मारायचा तो मारा. डिस्कमधनं टक टक आवाज येत असेल तर लगेच बंद करा, परत परत लावून बघू नका, प्रत्येक वेळी अजून खराब होते.

सांगलीकर म्हणून पुराचं सांगायलाच पाहिजे. २०१९ ला आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५ ची, आणि गावभागात कितीजणांचे कॉम्प्युटर खालच्या मजल्यावरच राहिले. पाणी उतरल्यावर लोकांनी घाईनं पुसून, उन्हात ठेवून बटण दाबलं, तिथं घात झाला. चक्रीवाल्या हार्ड डिस्कला हवेसाठी बारीक भोक असतं, त्यातनं गढूळ पाणी आत जातं आणि चालू केली की गाळ चक्रीवर घासतो. अशी डिस्क चालू न करता डेटा रिकव्हरीवाल्याकडं द्यायची, मग आशा राहते. पुराच्या आधी अंगात ताकद नसेल तर अख्खा कॅबिनेट उचलायची पण गरज नाही, चार स्क्रू आणि दोन वायरी काढल्या की डिस्क हातात येते, ती घेऊन जायची.

काकांनी आता एक बाहेरची हार्ड डिस्क घेतलीय. दर अमावस्येला टॅलीचा बॅकअप घेतात आणि ती डिस्क मिरजेला ताईकडं, तिसऱ्या मजल्यावर.