दुचाकीवरचं लेकरू : पट्टा, हेल्मेट आणि ताशी ४०

लसीकरण असो, आठवडी बाजार असो की तुळजापूरचं दर्शन, आपल्याकडे लेकरू दुचाकीवरच जातं. मोटारसायकल असली तर टाकीवर, स्कूटी असली तर पायांपुढं उभं. या दोन्ही जागा बेकायदेशीर आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे चालकासोबत एकच माणूस, तोही चालकाच्या मागच्या सीटवर. लहान मूल त्यात धरू नये, असं तिथं कुठंही लिहिलेलं नाही.

टाकीवर बसवलेल्या लेकराचं काय होतं बघा. ब्रेक दाबला की मागच्या मोठ्या माणसाचं सगळं वजन त्याच्यावर येतं आणि त्याची छाती हँडलवर आदळते. स्कूटीवर उभं लेकरू घाबरलं की हाताला येईल ते धरतं, आणि हाताशी असतो अॅक्सिलरेटर.

१५ फेब्रुवारी २०२३ पासून ९ महिने ते ४ वर्षं वयाच्या मुलांसाठी तीन गोष्टी सक्तीच्या झाल्या : चालकाला जोडणारा पट्टा म्हणजे हार्नेस, मापाचं हेल्मेट, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत.

हार्नेस म्हणजे लेकराला घालायचं जाकीट आणि त्यातून निघणारे, चालकाच्या खांद्यावर येणारे पट्टे. नियमाप्रमाणे तो नायलॉनचा, आत फोम असलेला, पाण्यानं खराब न होणारा आणि ३० किलो वजन पेलणारा हवा. घेताना हे ३० किलो लिहिलेलं आहे का ते बघा. आधी जमिनीवर उभं राहून जाकीट घाला, बक्कल 'टक्' वाजेपर्यंत दाबा, मग चालकानं दप्तरासारखे पट्टे खांद्यावर घेऊन ताणावेत. सैल पट्टा असून नसल्यासारखा. थंडीत जाड स्वेटरवर बांधलेला पट्टा घट्ट वाटतो, पण झटक्यात स्वेटर दबतो आणि पट्टा ढिला पडतो. ओढणीनं किंवा उपरण्यानं बांधू नका : चालत्या गाडीत गाठ सुटते, आणि पडल्यावर सोडायची म्हटलं तर सुटत नाही. पट्ट्याचं खरं काम झोपेत असतं. वारा लागला की लेकराचा डोळा लागतो आणि हाताची पकड सुटते.

हेल्मेटसाठी भुवयांच्या वरून, डोक्याच्या मागच्या फुगवट्यावरून टेप फिरवून माप घ्या. बापाचं हेल्मेट आत टॉवेल कोंबून घालणं सगळ्यात वाईट. ते फिरतं, डोळ्यांवर येतं, आणि त्याचं वजन इवल्या मानेला झेपत नाही. या वयासाठी प्रमाणित सायकल हेल्मेटही नियमात चालतं, आणि मला तेच बरं वाटतं, हलकं असतं. हनुवटीखाली एक बोट जाईल इतकाच पट्टा सैल ठेवा. मान हलवायला सांगा. हेल्मेट डोक्याबरोबर हललं पाहिजे, मागून नाही.

ताशी ४० ला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते, ६० ला जवळपास १७. पुढं उसाची ट्रॉली अंधारात उभी दिसली, तर ब्रेकवर बोट जायच्या आधीच एवढं अंतर संपलेलं असतं. सोलापूर-धुळे महामार्गावर ४० नं जाणं जिकिरीचं आहे. आतला रस्ता असेल तर तोच घ्या.

नऊ महिन्यांच्या आतल्या बाळासाठी नियमात हेल्मेटची सोय नाही. त्याला एसटीनं किंवा रिक्षानं न्या.

चार वर्षं पूर्ण झाली की हार्नेसची सक्ती जाते, हेल्मेटची राहते. विनाहेल्मेट आढळल्यास कलम १९४-ड खाली १,००० रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स बाद. पण लेकराचे पाय फूटरेस्टला टेकत नाहीत तोवर पट्टा काढू नका, वजन ३० किलोच्या आत असेपर्यंत तो चालतो.