दिवाळे ते खाडीचं तोंड: रबरी बोट, छोटं इंजिन आणि भरतीचं गणित

बेलापूरला दिवाळे कोळीवाड्याच्या धक्क्यावरून पनवेल खाडीच्या तोंडापर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढाच बेत होता. बोट फुगवायची, दोघांपुरती. मागे साडेतीन हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक इंजिन. सोबत मेहुणा. ज्यांना हेच करायचं आहे त्यांच्यासाठी सविस्तर लिहितो.

इंजिनाआधी तिथी बघा. जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ येते. द्वादशीला बारा पाऊणे नऊ, म्हणजे नऊ वाजता. पण प्रत्यक्षात वेळ पुढे-मागे होते, म्हणून भरती-ओहोटीचं छापील कोष्टक बघायचंच. आमच्या दिवशी पूर्ण भरती साडेनऊच्या पुढे होती. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाण्याला ओढ फार असते, छोट्या इंजिनाचा त्यात निभाव लागत नाही. ते दिवस सोडा.

धक्क्यावर जाळं शिवत बसलेल्या एका काकांना विचारलं, तर ते म्हणाले, "पानी चढतंय तंवर जा, नि चढतंय तंवरच परत ये." माझ्या मते सगळ्या सल्ल्यांत हाच लाखमोलाचा. चढत्या पाण्यात तोंडाकडे निघालात तर जाताना प्रवाह समोरून येतो, आणि वाटेत इंजिन रुसलं तर तोच प्रवाह तुम्हाला घराकडे आणतो. चढत्या पाण्यात गाळावर टेकलात तर थोड्या वेळात बोट आपोआप तरंगते. उतरत्या पाण्यात टेकलात तर पुढची भरती येईपर्यंत बसा डास मारत. तेव्हा खाली उतरून बोट ढकलायचा मोह आवरा. खाडीचा चिखल कमरेपर्यंत ओढतो.

बोट फुगवताना एक कप्पा पूर्ण भरून दुसऱ्याकडे वळू नका. आधी सगळे कप्पे अर्धे, मग सगळे पूर्ण; नाहीतर आतल्या पडद्यावर ताण येतो. दाब बोटीवर छापलेल्या आकड्याएवढाच, बाजूच्या नळ्यांना साधारण ०.२ ते ०.२५ बार असतो. पाणी गार असलं की हवा आकसते, म्हणून बोट पाण्यात टाकल्यावर दहा मिनिटांनी पुन्हा चार पंप मारा. उलट परत आल्यावर बोट उन्हात ठेवणार असाल तर थोडी हवा सोडा. मागच्या फळीतला पाणी काढायचा बूच लावलाय ना, हे दोघांनीही बघा. धक्क्याच्या पायऱ्यांना कालवं चिकटलेली असतात, ती रबर ब्लेडसारखी कापतात. बोट उचलून न्या, फरफटवू नका.

इंजिन गाडीतून नेताना कंपनीने दाखवलेल्या कुशीवरच आडवं ठेवा, नाहीतर तेल भलतीकडे जातं. फळीच्या मधोमध बसवून दोन्ही स्क्रू हाताने घट्ट आवळा, वर एक दोरी बोटीला बांधा. पंधरा मिनिटं चालवल्यावर स्क्रू पुन्हा आवळा, थरथरीने ते सैल पडतात. टाकीच्या झाकणावरची हवेची चावी उघडायला विसरलात तर इंजिन सुरू होतं आणि थोड्या अंतरावर मरतं. किल स्विचची (दोरी ओढली गेली की इंजिन बंद पाडणाऱ्या कळीची) लाल दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला हवीच. लाइफ जॅकेट अंगात, बुडाखाली नव्हे.

सूर्य वर आल्यावर निघालो. पहाटेचा मतलई वारा समुद्राकडे वाहत होता आणि भरती त्याच्या उलट, त्यामुळे पाण्यावर बारीक लाटा उठत होत्या. मेहुणा पुढे बसला, कारण दोघं मागे बसले तर नाक उचललं जातं. कांदळवनाच्या कडेने जाताना इंजिनाच्या मागून येणारी पाण्याची धार पातळ झाली. ही धार म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची खूण. ती मंदावली की ताबडतोब बंद करायचं. बंद केलं, नांगर टाकला, इंजिन वर उचललं: पंख्याला आणि पाणी ओढायच्या जाळीला दुधाची पिशवी गुंडाळलेली. किल स्विच काढूनच हात घातला. खाडीत असं वरचेवर होतं, म्हणून वल्ही आणि चाकू हाताशी असू द्या. रोवलेल्या खुंटांमध्ये जाळी असतात, लांबून वळसा घाला. पुलाच्या खांबांजवळ पाणी घुसळतं, तिथे रेंगाळू नका.

रोहित (फ्लेमिंगो) पक्षी दिसले तरी इंजिन त्यांच्याकडे वळवू नका. आणि ऐरोली-वाशीकडे, ठाणे खाडी रोहित अभयारण्यात (२०१५ साली घोषित, २०२२ पासून रामसर स्थळ) स्वतःची बोट वन विभागाच्या परवानगीशिवाय नेऊ नका. पक्षी बघायचे तर ऐरोलीच्या केंद्रातून जाणारी बोट बरी. इतरत्रही बोटीच्या नोंदणीचं आणि परवानगीचं आधी सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयात विचारून घ्या. पावसाळ्यात तर नावच काढू नका.

भरती पूर्ण व्हायच्या आत धक्क्याला लागलो. दुपारी खारा वारा उठला की छोट्या बोटीचे हाल होतात, तोवर आवरून घ्यावं. घरी आल्यावर इंजिन गोड्या पाण्याच्या पिंपात पाच मिनिटं चालवा आणि शेवटी पेट्रोलची चावी बंद करून कार्ब्युरेटर रिकामा होऊ द्या. सोसायटीत हे केलंत तर तिसऱ्या मजल्यावरून आवाज येणारच. आम्ही ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे करतो, पिंप त्याचं, चहा आमचा.