योगसूत्रांच्या तासाला अल्बेरुनी

एम. ए. संस्कृतच्या वर्गाला मी पतंजलीची योगसूत्रे शिकवते. समाधिपादातील, म्हणजे त्यांच्या पहिल्या भागातील, ईश्वरविषयक सूत्रे व्यासभाष्य आणि वाचस्पतिमिश्रांची टीका यांच्या आधारे लावायची, ही नेहमीची पद्धत. त्या दिवशी मात्र मी अल्बेरुनीच्या भारतविषयक ग्रंथाचा साखाऊ यांनी केलेला १८८८ सालचा इंग्रजी अनुवाद वर्गात नेला आणि त्यातले दुसरे प्रकरण एका विद्यार्थ्याला मोठ्याने वाचायला सांगितले.

मध्य आशियातील ख्वारिज्ममध्ये ९७३ साली जन्मलेल्या आणि महमूद गझनवीने १०१७ साली गझनीला नेलेल्या या विद्वानाने १०३०च्या सुमारास हा अरबी ग्रंथ पूर्ण केला. हिंदूंची ईश्वरकल्पना सांगताना तो पतंजलीचाच आधार घेतो आणि सूत्रांचा आशय गुरुशिष्यसंवादात मांडतो. शिष्य विचारतो, ईश्वर ज्ञानी म्हणून बोलत असेल, तर आपले ज्ञान सांगणाऱ्या ऋषींत आणि त्याच्यात फरक कोणता? गुरू म्हणतो, फरक काळाचा. ऋषी आधी अजाण होते, कालांतराने शिकले आणि मग बोलले, ईश्वराचा मात्र काळाशी संबंधच नाही. हे उत्तर वाचून होते न होते तोच एका विद्यार्थिनीने ‘पूर्वेषामपि गुरुः कालेनानवच्छेदात्’ (काळाची मर्यादा नसल्याने तो पूर्वीच्यांचाही गुरू) हे सव्विसावे सूत्र म्हटले आणि सगळा वर्ग पुढची-मागची सूत्रे त्या संवादाशी ताडून पाहू लागला.

महमूदाच्या पदरी असलेल्या माणसावर विश्वास का ठेवायचा, असा प्रश्न आला, आणि तो रास्तच होता. मी पहिले प्रकरण काढले. महमूदाच्या स्वाऱ्यांनी या देशाची भरभराट धुळीला मिळाली आणि इथल्या विद्या काश्मीर, वाराणसीसारख्या दूरच्या ठिकाणी गेल्या, असे तो तिथे स्पष्ट लिहितो. आपल्याकडच्या पंडितांच्या अहंकारावर त्याने केलेली बोचरी टीकाही त्याच प्रकरणात आहे. ती मी गाळली नाही.

त्याहून मोलाची मला त्याची प्रस्तावना वाटते. हिंदूंविषयीची तोवरची पुस्तके एकमेकांवरून उतरवलेली आहेत, अशी त्याची तक्रार आहे. ईरानशहरी या आधीच्या लेखकाने ज्यू, ख्रिस्ती आणि मानी या इराणी धर्मसंस्थापकाचा पंथ यांविषयी उत्तम लिहिले, पण हिंदूंबाबत तो दुसऱ्याच्या सदोष पुस्तकावर विसंबला, हे अल्बेरुनी नोंदवतो. म्हणून, आपल्याला न पटणारे मतही त्या लोकांच्याच शब्दांत मांडायचे आणि त्याचे खंडन करत बसायचे नाही, हा नियम त्याने स्वतःला घालून घेतला.

त्याने पतंजलीचा केलेला स्वतंत्र अरबी अनुवादही उपलब्ध आहे. इस्तंबूलमधील हस्तलिखितावरून हेल्मुट रिटर यांनी तो १९५६ साली संपादित केला. अरबी जाणणाऱ्या एका सहकाऱ्याच्या मदतीने त्यातला पहिला पाद सूत्रांशेजारी ठेवून वाचायचे आम्ही ठरवले आहे.