धूर, कुसळी आणि सफेद मुसळी : गच्चीवरची पावसाळी नोंद

मंडळी, आधी आनंदाची बातमी: सफेद मुसळी वर आली. दिवाळीनंतर पानं वाळली तेव्हापासून कुंडी कोरडीच ठेवली होती. (जाणारे-येणारे त्या "रिकाम्या" कुंडीत तुळस लावायचा सल्ला देत होते.) जूनच्या पावसात पोपटी पात्यांचा झुबका फुटला. क्लोरोफायटम बोरिविलियानम, म्हणजे आमच्या बोरिवलीचीच. सांतापाव आणि फर्नांडिस या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९५५ मध्ये नोंदवलेली. औषधासाठी मुळं उपसून उपसून रानात विरळ झाली. माझी रोपं नर्सरीतली. नवीन मंडळींसाठी पुन्हा सांगतो, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून काडीही उचलायची नाही.

आता धुराचा प्रयोग. वाळलं गवत डब्यात धुमसवलं आणि फिश टँकच्या पंपाने धूर पाण्यात सोडला. वरच्या काकूंना "डास घालवतोय" म्हणून सांगितलं. वणव्यानंतर काही बिया जोमाने उगवतात त्या धुरातल्या करिकिन गटातल्या रसायनांमुळे. त्यातलं पहिलं २००४ मध्ये ओळखलं गेलं. मुसळीच्या बिया ढिम्म. धुराचं पाणी काय, साधं काय, उगवण सारखीच तुटपुंजी. कुसळी या माळावरच्या गवताने मात्र धुराच्या ट्रेमध्ये बाजी मारली. तिचं बी एकदा भिंग लावून बघाच. भिजलं की त्याच्या कुसळाचा (शेपटीसारख्या केसाचा) पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो, आणि या फिरण्यात बी गिरमिटासारखं मातीत शिरतं. वरून जाळ गेला तरी ते खाली शाबूत.

म्हणून लगेच "वणवा चांगलाच" म्हणू नका. सगळा खेळ वेळेचा आहे. फेब्रुवारीत मुसळी, कळलावी मातीखाली कंदात झोपलेल्या असतात. वरचं गवत जळलं तरी मातीखाली धग फारशी पोचत नाही. तोच जाळ मेअखेर लागला तर वळवाच्या सरीने वर आलेला शेवळाचा (ही कंदातून उगवणारी रानभाजी) कोंब गेलाच. आठ वर्षांनी एकदाच फुलणाऱ्या कारवीचं तर आणखी अवघड. उद्यानात ती २०२४ ला फुलली. फुलून गेली की झाड मरतं, बोंडं वाळक्या काटक्यांवर पुढच्या पावसाची वाट बघतात. त्याआधी आग लागली तर आठ वर्षांची कमाई एका दुपारी खाक. त्यात आपल्याकडचे बहुतेक वणवे माणसानेच लावलेले, आणि जळक्या जागेत आधी हातपाय पसरते ती रानमोडी, हे बाहेरून आलेलं तण.

मुरबाडला मामाच्या माळावर थंडीतच जाळरेषा (वणवा अडवायला आधीच जाळून ठेवलेला गवताचा पट्टा) काढायचं ठरलंय: वनखात्याला कळवून, वारा पडल्यावर, पाठीवर फवारणीचे पंप घेऊन. कंदांच्या जागांवर आत्ताच, पानं दिसताहेत तोवर, खुणा करतोय. कळलावीचं बी जास्तीचं असेल तर सांगा; बदल्यात मुसळी देतो.