आमची वाटचाल : साकीनाक्याचा गाळा

मुंबईत साकीनाक्याला गाळा घेतला तेव्हा आमचं काम जहाजांवरच्या डोमचं. डोम म्हणजे घुमटाखालची डिश आणि तिला उपग्रहाकडे रोखून धरणारा फिरता माउंट. भागीदार अण्णा, परळच्या गिरणीतले टर्नर. पहिला डोम त्यांनी दारूखान्याच्या जहाज-भंगार बाजारातून उचलला, गियरचा खेळ, म्हणजे दात्यांमधली ढिलाई, डायल गेजवर (बारीक हालचाल मोजणाऱ्या मापकावर) पाहिला आणि म्हणाले, "जहाजाला ठीक आहे, विमानाला हा चालायचा नाही." तो डायल गेज अजून त्यांच्याच ड्रॉवरमध्ये असतो, दुसऱ्याने हात लावायचा नाही. मधली वर्षं बरी गेली, मग मानवरहित विमानांची कामं आली : उडत्या विमानावरची डिश उपग्रहाकडे रोखून ठेवायची.

उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर. केयू बँडला, म्हणजे उपग्रहाशी बोलायच्या एका लहरीपट्ट्याला, ४५ सेंटिमीटरच्या डिशचा झोत तीन-सव्वातीन अंशांचा, आणि शेजारच्या उपग्रहाला त्रास नको म्हणून रोखातली चूक ०.२ अंशांत ठेवायची. खाली विमान वाऱ्यात हेलकावतंय.

त्या वाईट वर्षाबद्दल मात्र लिहिणारच. शहरातल्याच एका मोठ्या कंपनीने तयार दोन अक्षांचा, म्हणजे आडवा फिरणारा आणि वर-खाली कलणारा, माउंट बाहेरून आणला, त्यावर आपला शिक्का मारला आणि दर पाडला. आमची पोरं फोडली. गिऱ्हाइकांना सांगत फिरले की गाळ्यातल्या लोकांना ट्रॅकिंग काय कळणार! ऑर्डरी गेल्या, बँकेने हात आखडता घेतला. अण्णांनी महिनोन्‌महिने घरी पैसे नेले नाहीत, पण लेथ विकू दिला नाही.

आणि खरं काय होतं? मुंबईतून ७४ अंश पूर्व रेखांशावरचा उपग्रह क्षितिजापासून सुमारे ६८ अंश उंचीवर दिसतो. वळताना विमान त्या बाजूला बावीसेक अंश कललं की उपग्रह थेट डिशच्या उभ्या अक्षावर येतो. तिथून पुढे जाताना अझिमथला, म्हणजे आडव्या फिरण्याला, क्षणात अर्धा फेरा मारावा लागतो. मोटर पुरी पडत नाही, लिंक तुटते. टेबलावर हे कधीच दिसत नाही. आमच्या माउंटला तिसरा अक्ष होता तो याचसाठी, आणि त्यालाच ते 'फुकटचं वजन' म्हणत होते.

आमचे पहिले गिऱ्हाईक, विमानं बांधणारे एक साहेब, त्या कंपनीकडे गेले नव्हते. दोन्ही माउंट त्यांनी एकाच विमानावर, एकाच वळणावर तपासले. कंपनीच्या माउंटवरून येणारं चित्र दर फेरीला गेलं, आमचं टिकलं. साहेबांनी आगाऊ रक्कम दिली आणि त्यावर आम्ही पुन्हा उभे राहिलो.

नव्या मुलांना सांगतो : आधी डिशचा तोल साधा, मोटर मागाहून निवडा. जायरो, म्हणजे फिरण्याचा वेग मोजणारा सेन्सर, डिशच्या पाठीलाच बसवा. विमानाचा सांगाडा लवचिक असतो, दूरच्या जायरोला डिशची हालचाल कळत नाही. मोटरींच्या शेजारी होकायंत्रावर विसंबू नका. नागदेवीच्या बाजारात बेअरिंग घ्याल तर डबा दुकानातच उघडा.

त्या कंपनीच्या नव्या पत्रकात आता तीन अक्षांचा माउंट आहे. खाली लिहिलंय, 'भारतीय आकाशासाठी खास'. तो खास विचार अण्णांनी साकीनाक्यात केला होता, हे इथे नोंदवून ठेवतो.