केळीच्या हिशोबाचं जुनं पीएचपी पीएसआर-१२ मध्ये बसवताना : माझा अनुभव

रावेरकडच्या एका केळी व्यापाऱ्याचं हिशोबाचं वेब सॉफ्टवेअर आमच्या जळगावच्या ऑफिसकडे सांभाळायला आलं. पीएचपी या वेबच्या प्रोग्रामिंग भाषेत, तिच्या ५ व्या आवृत्तीच्या काळात सुरू झालेलं आणि पुढे ज्याला जसं सुचेल तसं वाढवलेलं. शेतकऱ्याचं खातं, काट्यावरचं वजन, हमाली, उचल, शेवटची पट्टी, सगळं त्यात होतं आणि चालतही होतं. वाचता मात्र येत नव्हतं. एकाच क्लासमध्ये (कोडच्या एका गटात) एका मेथडचं, म्हणजे एक काम करणाऱ्या तुकड्याचं, नाव अंडरस्कोरने जोडलेलं, दुसरीचं कॅमलकेसमध्ये (पहिला शब्द लहान अक्षराने, पुढचा प्रत्येक कॅपिटलने), तिसरीचं पहिलंच अक्षर कॅपिटल. अमळनेरच्या सहकाऱ्याने पहिली फाइल उघडली आणि म्हणाला, "हाई काय शे भाऊ?"

घरचे नियम बनवायचे नाहीत, एवढं आधी ठरवलं. तसे बनवायला बसलं की महिरपी कंस कुठे उघडायचा यावरच चहाचे कप रिकामे होत राहतात. पीएचपीचा कोड कसा मांडायचा याचे सगळ्यांसाठीचे नियम, म्हणजे पीएसआर-२ च्या जागी २०१९ मध्ये आलेलं पीएसआर-१२, तयारच आहे. इंडेंट चार स्पेसचं, टॅब नाही. क्लास आणि मेथडचा कंस पुढच्या ओळीवर, इफ आणि लूपचा त्याच ओळीवर. ओळ शक्यतो १२० अक्षरांच्या आत. मला मेथडचा कंसही त्याच ओळीवर आवडतो, पण आवडीनिवडीला इथे जागा नव्हती.

हे काम हाताने करू नये. कोडची मांडणी आपोआप सुधारणारा पीएचपी-सीएस-फिक्सर आधी ड्राय रनवर, म्हणजे फाइल न बदलता, चालवला, काय बदलणार ते पाहिलं, मग एकेक फोल्डर घेतलं. पथ्य एकच : फॉरमॅटिंगच्या कमिटमध्ये (गिटमध्ये नोंदवलेल्या बदलात) लॉजिकची एक ओळही बदलायची नाही. त्या कमिटचे हॅश, म्हणजे ओळख क्रमांक, एका फाइलमध्ये लिहून कोणती ओळ कुणी बदलली ते दाखवणाऱ्या गिट ब्लेमला ते वगळायला सांगितलं (गिट २.२३ पासून ही सोय आहे), नाहीतर प्रत्येक ओळीवर माझंच नाव दिसलं असतं.

इथवर मशीनचं काम. नावांचं काम सुरू झालं आणि वेग बसला.

याच नियमांच्या मालिकेतलं पीएसआर-१ सांगतं : क्लासचं नाव स्टडलीकॅप्समध्ये (प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल), मेथड कॅमलकेसमध्ये, कॉन्स्टंट सगळा कॅपिटलमध्ये आणि मध्ये अंडरस्कोर. प्रॉपर्टीबद्दल, म्हणजे क्लासमध्ये माहिती साठवणाऱ्या नावांबद्दल, ते मुद्दाम गप्प आहे, फक्त एकच पद्धत पाळा म्हणतं. आम्ही कॅमलकेस घेतली. डेटाबेसच्या कॉलमांना हात लावला नाही.

पीएचपीत क्लास आणि मेथडच्या नावात लहान-मोठं अक्षर चालून जातं, प्रॉपर्टी आणि व्हेरिएबलमध्ये चालत नाही. त्यामुळे मेथडचं नुसतं अक्षर बदललं तर काही तुटत नाही. क्लासचं तुटतं, पण सर्व्हरवर : विंडोजला फाइलच्या नावातलं लहान-मोठं अक्षर एकच, लिनक्सला वेगळं, त्यामुळे नावावरून क्लासची फाइल शोधणाऱ्या ऑटोलोडला ती सापडत नाही. प्रॉपर्टीची गंमत आणखी वाईट. एके ठिकाणी उचलीची रक्कम कॅपिटल अक्षराच्या प्रॉपर्टीत लिहिली जात होती आणि लहान अक्षराच्या प्रॉपर्टीतून वाचली जात होती. लिहिताना पीएचपी मुकाट्याने नवी प्रॉपर्टी तयार करत होतं. २०२२ च्या पीएचपी ८.२ पासून ते डेप्रिकेटेडचा (ही पद्धत आता टाळा, असा) इशारा देतं. लॉगमध्ये ही ओळ त्यामुळेच दिसली.

खरा वाद मराठी शब्दांवर झाला. एकाचं म्हणणं, सगळं इंग्रजी करा. मी अडून बसलो. मृगबाग आणि कांदेबाग या केळीच्या लागवडीच्या हंगामांना इंग्रजीत काय म्हणणार? मुनीम फोनवर "उचल वळती झाली नाही" असंच सांगतो, तर कोडमध्येही उचलच शोधता आली पाहिजे. अडचण शब्दांची नव्हती, स्पेलिंगची होती. हमाली कुठे एका 'ए'ने, कुठे दोन. सर्च केलं की निम्मी हाती लागायची. म्हणून व्यापारातले शब्द मराठीच ठेवले, प्रत्येकाचं एकच रोमन स्पेलिंग रीडमीत (कोडसोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये) लिहिलं आणि क्रियापदं इंग्रजी ठेवली : गेट, सेव्ह, कॅल्क्युलेट. हो-नाही सांगणाऱ्या मेथडची सुरुवात 'इज' किंवा 'हॅज'ने. 'टेम्प' आणि 'फायनल२' नावाची व्हेरिएबलं रिव्ह्यूतच परत जातात.

अर्थात पीएचपीलाच हे जमलेलं नाही. लांबी मोजणारं स्ट्रलेन जोडून, बदली करणारं स्ट्र_रिप्लेस अंडरस्कोरने. नव्या पोराने बोट ठेवलं तर उत्तर द्यायला जड जातं.

अंडरस्कोरच्या मेथडना नवी नावं देताना जुनं नाव लगेच उडवलं नाही. ते डेप्रिकेटेड म्हणून ठेवलं आणि आतून नव्या मेथडला हाक मारली. कारण रिपोर्टच्या भागात मेथडचं नाव स्ट्रिंग जोडून तयार होतं. एडिटरच्या रीनेमला ते दिसतच नाही. म्हणून जुन्या नावांत लॉग टाकला. कापणीच्या गर्दीत ज्या नावांना एकदाही हाक आली नाही, ती काढली. बाकीची अजून आहेत. मेनला, म्हणजे कोडच्या मुख्य शाखेला, काही जाण्याआधी फिक्सरची तपासणी आपोआप होते, आणि कंसावर ऑफिसात आता कुणी बोलत नाही.